कोयत्यावरचा शिक्का



गेल्या हंगामात आमच्या लागणीच्या उसाला तोड आली, तेव्हाची ही गोष्ट. आधी ती सांगतो, मग मूळ विषयाकडे वळतो, कारण विषय सुचला तो तिथूनच.

टोळी बीड जिल्ह्यातली, पाटोद्याकडची. बारा कोयते. कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे, नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, हे तुम्हाला सांगायला नको. दिवाळी आटोपून माणसं नुकतीच आली होती. घरची दिवाळी त्यांना कशीबशीच मिळते. तेव्हा आमच्या मनात आलं, प्रत्येक जोडीला एकेक नवा कोयता द्यावा. आठवडी बाजारात एकानं ताडपत्रीवर ढीग मांडला होता. नावाजलेल्या कंपनीचा शिक्का, काळं चकचकीत पातं, लाल मूठ. शहरातल्या दुकानात जो कोयता साडेतीनशेला, तो इथं दीडशेला. विचारलं, एवढा स्वस्त कसा? म्हणाला, "कंपनीचा थेट माल आहे आबा, मधलं कमिशन नाही." आम्हाला पटलं. स्वस्त विकणाऱ्याचं बोलणं माणसाला लवकर पटतं. बारा कोयते घेतले. पावती मागितली नाही, त्यानं दिली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी, दव वाळायच्या आतच, एका गड्याच्या हातातल्या कोयत्याचं पातं मुठीतून सुटलं आणि शेजारी वाकून मोळी बांधणाऱ्या त्याच्याच बायकोच्या पोटरीत घुसलं. आम्ही बांधावरच होतो. धोतराचा पदर फाडून बांधला, ट्रॅक्टरवर घातलं आणि दवाखाना गाठला. नऊ टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. हाडाला लागलं नाही म्हणून निभावलं. दवाखान्याचा खर्च आम्ही केला, तो करायलाच हवा होता. पण सतरा दिवस ती बाई कोपीत बसून राहिली. टनावर पोट असणाऱ्या माणसाचे सतरा दिवस म्हणजे काय, आणि डोक्यावर उचल असताना म्हणजे काय, याचा हिशोब ज्याचा त्यानं करावा. तिनं आम्हाला एका शब्दानं बोल लावला नाही. नवरा एवढंच म्हणाला, "मालक, तुम्ही चांगल्या मनानंच दिलं व्हतं." त्या वाक्यानं आम्हाला दोन रात्री झोप लागली नाही.

राहिलेले अकरा कोयते त्याच दिवशी गोळा केले आणि गावच्या लोहारमामांपुढं नेऊन टाकले. मामांनी एक उचलला, पात्याच्या धारेवर कानस फिरवली. कानस लोण्यात गेल्यासारखी गेली. "पाणीच दिलेलं नाही याला," मामा म्हणाले. पोलाद तापवून लाल करायचं, तेलात किंवा पाण्यात विझवायचं, मग बेतानं पुन्हा थोडं तापवून त्याचा ताठा उतरवायचा, ही पाणी देण्याची रीत. ती साधली तरच धार टिकते. पाणी कमी पडलं तर धार दुमडते. जास्त झालं तर पातं काचेसारखं होतं, गाठीवर बसला घाव की तुकडा उडतो, मग डोळ्याचं काही खरं नाही. मामा स्वतः ट्रकच्या जुन्या पाट्याचं लोखंड वापरतात, कारण त्यात मुळातच पोलादाचा कस असतो. आमच्या कोयत्यात होता नुसता पत्रा, वरून काळा रंग मारलेला.

मग मामांनी मूठ फोडली. आम्ही पाहतच राहिलो. पात्याची जी शेपटी मुठीत आरपार जायला हवी, ती जेमतेम बोटाच्या एका पेरभर आत होती आणि कसल्याशा चिकट लुकणात बसवलेली होती. मुठीवर दोन रिव्हेटा दिसत होत्या. त्या रिव्हेटा नव्हत्याच. वरून चिकटवलेल्या पितळी टिकल्या होत्या. म्हणजे बनवणाऱ्यानं रिव्हेट मारायचे कष्ट वाचवले, पण रिव्हेट आहे असं दिसण्यासाठी मात्र कष्ट घेतले! शिक्काही तसाच. खऱ्या कोयत्यावर तो ठोकून खोल उठवलेला असतो, बोट फिरवलं तरी लागतो. आमच्यावर तो छापलेला होता, आणि नीट वाचला तेव्हा कळलं की नावातलं एक अक्षरही वेगळं आहे. बाजारात ते आम्हाला दिसलं नव्हतं. आपण शिक्का बघतो, वाचत नाही.

जखमेची गोष्ट झाली. पण असला कोयता उसालाही घात करतो, हेही जाता जाता सांगतो. बुडख्याकडच्या कांड्यात साखर सर्वांत जास्त. म्हणून आपला शेतकी विभाग जमिनीलगत तोड करा म्हणून कानीकपाळी ओरडत असतो. धार दुमडलेल्या कोयत्यानं माणूस एका घावात बुडखा तोडू शकत नाही. तो वर धरतो, दोन घाव घालतो, बुडखा चिरतो. वजन रानात राहतं आणि चिरलेल्या बुडख्यातून रोग शिरून खोडव्याची फूट विरळ होते. तेव्हा दोनशे रुपये वाचवणारा सभासद किती गमावतो ते पाहा.

आता मूळ विषय. दुसऱ्याचा शिक्का मारून आपला भिकार माल खपवायचा, ही युक्ती आजची नाही, आणि तिचा सर्वांत गाजलेला किस्सा चाकूसुऱ्यांचाच आहे. इंग्लंडातलं शेफील्ड हे गाव चाकू-कात्र्यांसाठी शतकानुशतके प्रसिद्ध. तिथल्या कारागिरांची संस्था १६२४ साली पार्लमेंटच्या कायद्यानं स्थापन झाली आणि कोणाचा शिक्का कोणता याची नोंद ती ठेवू लागली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतल्या झोलिंगेन गावाहून स्वस्त चाकू येऊ लागले आणि त्यांतल्या कित्येकांवर शेफील्डचं नाव ठोकलेलं असे. शेफील्डवाल्यांनी ओरड केली. १८८७ साली इंग्लंडात व्यापारी चिन्हांचा कायदा झाला आणि परदेशी मालानं इंग्रजी असल्याचा भास निर्माण करायचा नाही, मूळ देश सांगायचा, असं ठरलं. 'मेड इन जर्मनी' हे शब्द जगभर झाले ते तिथून. इंग्रजांचं राज्य असल्यानं दोनच वर्षांत, १८८९ साली, तसाच कायदा हिंदुस्थानातही आला.

पुढची गंमत ऐका. झोलिंगेनच्या कारागिरांनी माल सुधारला. इतका सुधारला की त्यांच्याच नावाची नक्कल व्हायला लागली, आणि १९३८ साली जर्मनीला खास कायदा करून झोलिंगेन हे नाव राखावं लागलं. ज्यांच्या गावानं कधीकाळी दुसऱ्याचं नाव चोरलं, त्यांच्यावर आपलं नाव कुलपात ठेवायची पाळी आली.

आज हा धंदा गावापुरता किंवा देशापुरता राहिलेला नाही. जगातल्या प्रगत देशांच्या ओईसीडी या संघटनेनं युरोपीय संघाच्या कार्यालयासह केलेल्या अभ्यासात २०२१ सालच्या नकली मालाच्या जागतिक व्यापाराचा अंदाज सुमारे ४६७ अब्ज डॉलर इतका दिला आहे, म्हणजे जगाच्या एकूण आयातीच्या २.३ टक्के. पूर्वी हा माल कंटेनर भरून जायचा. आता मोबाईलवर ऑर्डर दिली की लहान लहान पार्सलांतून तो थेट दारात येतो, आणि सगळी पार्सलं कोण फोडून बघणार?

आमच्या कोयत्यानंतर आम्ही स्वतःचं घर तपासायला घेतलं. कुटुंब म्हणालं, "आता सगळ्या घरात कानस फिरवणार का?" पण निघालं ते बघा.

कुकर. त्याच्या झाकणात जो सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, त्यात ठराविक उष्णतेला वितळणारा मिश्रधातू असतो. शिट्टी तुंबली, वाफ कोंडली, की तो वितळतो आणि वाफेला वाट मिळते. नकली व्हॉल्व्ह दिसतो हुबेहूब, पण आत भलताच धातू असला तर तो वेळेवर वितळत नाही, मग झाकणच उडतं. आमच्या कुकरला आम्हीच बाजारातून असा सुटा व्हॉल्व्ह आणून बसवला होता, पंधरा रुपयांना. कुकरला आय.एस.आय. चिन्ह आता सक्तीचं आहे, तरी २०२२ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला ऑनलाईन विक्री करणाऱ्या बड्या कंपन्यांवर बिगर-मानांकित कुकर विकल्याबद्दल कारवाई करावी लागली.

गॅसची नळी. खरी सुरक्षा नळी नारिंगी असते, तिच्या पोटात तारेची जाळी असते, म्हणून उंदीर कुरतडू शकत नाही. नकली नळीलाही नारिंगी रंग असतो. जाळी मात्र नसते.

आणि वायर. हे आम्हाला कोयत्याइतकंच जीवघेणं वाटतं, कारण आपल्याकडे विहिरीवर, गोठ्यात, ओल्यात सगळीकडे वायर. नकली वायरीत तांबं बारीक असतं, किंवा ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेला असतो. मोटरीचा भार पडला की ती तापते, वरचं प्लास्टिक वितळतं. नकली एम.सी.बी. अशा वेळी पडायला हवा तो पडत नाही. मग पेपरात येतं, 'शॉर्टसर्किटनं ऊस पेटला.' प्रत्येक आगीला नकली वायरच कारण असते असं आम्ही म्हणत नाही. खाली लोंबणाऱ्या तारांचं गाऱ्हाणं वेगळंच आहे. पण मोटरीच्या पेटीपर्यंतची वायर आपण विकत घेतलेली असते, तिचा जाब दुसऱ्या कोणाला विचारणार?

ओळखायचं कसं? आय.एस.आय. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो (कुकरला २३४७, घरगुती वायरीला ६९४) आणि खाली सीएम/एल या अक्षरांनंतर परवान्याचा क्रमांक. नुसतं चिन्ह आहे आणि आकडे नाहीत, तर तो माल परत ठेवावा. आकडे असले तरी मुलाला किंवा नातवाला सांगून मोबाईलवर 'बीआयएस केअर' या सरकारी ॲपमध्ये ते घालून बघावेत. परवाना कोणाचा, कोणत्या वस्तूचा, चालू आहे की रद्द झाला, सगळं दिसतं. आमच्या नातवानं घरातल्या वायरीचा क्रमांक घातला, तर तो दुसऱ्याच कुठल्या वस्तूचा निघाला. साध्या कोयत्याला मात्र ही सोय नाही. तिथं कानस आणि लोहाराचं डोळं, एवढंच.

कायदा कडक आहे. व्यापारचिन्ह कायदा १९९९ प्रमाणे खोटं चिन्ह लावणाऱ्याला आणि तसा माल विकणाऱ्यालाही सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. ग्राहक म्हणून आपलं नुकसान झालं तर २०१९ च्या कायद्यानं जिल्हा आयोगाकडे जाता येतं. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही. १९१५ या क्रमांकावर फोन करूनही तक्रार सांगता येते. आम्ही केला. पलीकडच्या बाईंनी अगदी नीट ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "पावती आहे का?" विक्रेत्याचं नाव? दुकान? आमच्याकडे काय होतं, तर ताडपत्रीवरच्या माणसाची लाल टोपी. पुढच्या बाजारी तो तिथं नव्हता, आणि त्या जागी कांदे मांडलेले होते.

आता एक गोष्ट जरा जड मनानं लिहितो. काहींना रुचणार नाही. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमान मिरवला. पण कडईत साखर ओतून केलेला गूळ 'शुद्ध कोल्हापुरी' म्हणून विकणारे आणि भलतीकडच्या ढेपांना तेच नाव चिकटवणारे कोणी परग्रहावरून येत नाहीत. आमच्या एका नातेवाइकाच्या गुऱ्हाळावर आम्ही हे डोळ्यांनी पाहिलं आणि पाहुणचार घेऊन गप्प परत आलो. त्या ढेपेवरचं लेबल आणि आमच्या कोयत्यावरची टिकली यांत आम्हाला फार अंतर दिसत नाही. मुंबई-पुण्याचं गिऱ्हाईक आपल्यासारखंच शिक्का बघतं, वाचत नाही.

संचालक मंडळाला आम्ही एक सूचना लेखी दिली आहे. तोडणीची हत्यारं कारखान्याच्या ग्राहक भांडारातून, पावतीनिशी आणि आणताना दहातला एक कोयता कानशीनं तपासून, ना नफा ना तोटा दरानं मिळावीत. वार्षिक सभेत विषय निघेल तेव्हा सभासदांनी बोलावं.

फोडलेली मूठ, पातं आणि त्या दोन टिकल्या आम्ही गट ऑफिसात टेबलावर ठेवल्या आहेत. गटसचिवांना सांगितलं आहे, कोणालाही हाताळू द्या. या हंगामाला तीच टोळी येणार, मुकादमाचा फोन आला होता. ती बाईही येणार आहे. चालताना पाय थोडा ओढते म्हणाला. लोहारमामांकडे बारा कोयते सांगितलेत. दहा झाले, दोन व्हायचे आहेत.