मानवी तस्करीविरोधातील नागरिकांचा सहभाग

मानवी तस्करी किंवा माणसांचा अपव्यापार म्हणजे बळ, फसवणूक वा आमिष वापरून शोषणासाठी माणसांची ने-आण करणे होय. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २३ ने त्यास मनाई केली आहे. ही ने-आण पुष्कळदा आगगाडीतून, चारचौघांच्या देखत होते. म्हणून सहप्रवाशाची नजर मोलाची ठरते.

५ जुलै २०१८ रोजी मुझफ्फरपूरहून वांद्र्याला जाणाऱ्या अवध एक्सप्रेसमध्ये काही मुली भेदरून रडत असल्याचे एका प्रवाशाच्या ध्यानात आले. त्याने ट्विटरवरून डब्याच्या क्रमांकासह रेल्वेला कळवले आणि गोरखपूर येथे पोलिसांनी २६ अल्पवयीन मुलींना उतरवून घेतले. प्रवाशाचे काम कळवण्यापुरतेच होते, हे येथे लक्षणीय. परस्पर जाब विचारल्यास संशयित सावध होऊन मध्येच उतरून जाण्याचा संभव असतो.

‘मुलगी राजीखुशीने येत आहे’ या उत्तराने शंका मिटत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ नुसार हा गुन्हा ठरवताना पीडित व्यक्तीची संमती गैरलागू असते. बालकांसंबंधी १०९८, रेल्वेत १३९ आणि अन्यत्र ११२ या क्रमांकांवर माहिती देता येते. सुटका झालेल्या बालकाची ओळख उघड करणारे छायाचित्र प्रसृत करण्यास मात्र बाल न्याय अधिनियम, २०१५ अन्वये मनाई आहे, मग हेतू कितीही चांगला असो.