तारीख हुकलेलं पदक

25 ऑक्टोबर 1802. हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि दौलतराव शिंदे यांच्या फौजांची दाणादाण उडवली. दुसरा बाजीराव पुणं सोडून पळाला आणि वर्ष सरता सरता वसईचा तह करून इंग्रजांच्या पंखाखाली गेला. त्याला शंभर वर्षं होत असताना, 1902 मध्ये, ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे आणि कोल्हापूरचे शाहू महाराज लंडनमध्ये होते. सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक व्हायचा होता.

त्या सोहळ्याचं पदक बघण्यासारखं आहे. आकार लंबगोल, वर छोटा मुकुट, पुढच्या बाजूला राजा-राणीचे मुखवटे. अधिकाऱ्यांना चांदीचं, शिपायांना कांस्याचं; मानाची उतरंड धातूतच. पण पदक उलटं करा. मागे तारीख आहे 26 जून 1902, आणि त्या दिवशी राज्याभिषेक झालाच नाही! दोन दिवस आधी राजाच्या पोटावर शस्त्रक्रिया करावी लागली, सोहळा 9 ऑगस्टवर गेला. पदकं मात्र तोवर पाडून तयार होती. ती तशीच वाटली. टांकसाळीनं काढलेल्या वेगळ्या स्मृतिपदकावर खरी तारीख आली, छातीवर लावायच्या पदकावर हुकलेलीच राहिली.

या दोन तारखांच्या मधे, 26 जुलैला, मागासवर्गीयांसाठी रिक्त जागांपैकी निम्म्या राखून ठेवणारा शाहू महाराजांचा हुकूम निघाला. त्या उन्हाळ्यातली आमच्या लक्षात राहायची तारीख तीच, आणि ती कुठल्याच पदकावर नाही.

पुढे 1903 आणि 1911 च्या दिल्ली दरबारांची पदकं निघाली. त्यांच्या मागच्या बाजूचा मजकूर चक्क फारसीत! राज्य इंग्रजांचं, पण थाट मोगली हवा होता. याउलट 1674 च्या रायगडावरच्या राज्याभिषेकाची आठवण म्हणजे शिवराई होन. सोनं जेमतेम तीन ग्रॅम, एका अंगाला 'श्री राजा शिव', दुसऱ्या अंगाला 'छत्रपति'. तारीख नाही, मुखवटा नाही. ते मिरवायचं पदक नव्हतंच, चलनाचं नाणं होतं.

जुन्या बाजारात 1902 चं पदक हाती आलं, तर 26 जून पाहून ते नकली ठरवू नका. 9 ऑगस्ट असलेलं टांकसाळीचं पदक टेबलावर ठेवायचं, त्याला फीत नसते. मात्र विकणारा 'अमुक सुभेदारांचं आहे' म्हणू लागला, तर कागद मागा. ही पदकं नाव न कोरताच दिली गेली होती.