माकडताप, तेलाची बाटली आणि औषधी कपडे

सिंधुदुर्गात काजूचा हंगाम आणि गोचिडीच्या पिल्लांचा हंगाम एकच, जानेवारी ते मे. खसखशीच्या दाण्याएवढं हे पिल्लू झाडाखालच्या पातेऱ्यात दबा धरून असतं. बी वेचायला बाई उकिडवी बसली की साडीच्या काठावरून वर सरकतं आणि गुडघ्यामागे, काखेत, नाहीतर परकराच्या नाडीखाली जाऊन चिकटतं. चावा दुखत नाही. तीन ते आठ दिवसांनी थंडी वाजून ताप भरतो, डोकं ठणकतं, अंग मोडून येतं, काहींना रक्तस्राव होतो. या माकडतापावर आजही नेमकं औषध नाही, त्यामुळे सगळी भिस्त गोचीड अंगाला लागू न देण्यावर.

हा आजार पहिल्यांदा ओळखू आला १९५७ साली, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात. आधी माकडं मेली, मग माणसं आजारी पडू लागली. पीतज्वर भारतात शिरला की काय, या धास्तीने पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातली, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतली, मंडळी तिकडे धावली. विषाणू निराळाच निघाला, आणि तो पसरवणारी गोचीडही सापडली : हीमाफिसॅलिस स्पिनिजेरा. शत्रू कोण आणि तो कुठून अंगावर चढतो, हे तेव्हापासून ठाऊक आहे.

कपड्यांनाच औषध लावायची कल्पना तर त्याहून जुनी. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गवतातल्या बारीक किड्यांमुळे सैनिकांना स्क्रब टायफस होई. तेव्हा दोस्त सैन्याचे कपडे डायब्युटिल थॅलेटसारख्या रसायनांत भिजवून वापरले गेले. त्याच कुळातलं डायमिथाइल थॅलेट पुढे ‘डीएमपी तेल’ म्हणून आपल्या माकडतापाच्या गावांत वाटलं गेलं. फरक एवढाच की सैनिकांच्या ते कपड्यात होतं, आपल्या लोकांना ते हातापायाला चोळायला दिलं.

खरी कलाटणी मिळाली १९७३ मध्ये. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड संशोधन केंद्रात मायकेल इलियट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परमेथ्रिन तयार केलं. शेवंतीच्या कुळातल्या पायरेथ्रम फुलांतलं कीटकनाशक उन्हात टिकत नसे. हे त्याचंच उन्हाला दाद न देणारं रूप. कापडाच्या धाग्याला ते घट्ट धरून राहतं. गोचीड अशा कापडावरून चालू लागली की तिच्या मज्जातंतूंवर परिणाम होतो, पाय लटपटतात आणि कातडीपर्यंत पोचण्याआधीच ती गळून पडते.

१९७५ मध्ये अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातल्या लाइम गावात मुलांचे सांधे सुजू लागले आणि त्यातून गोचिडीने पसरणारा लाइम आजार जगापुढे आला. १९९० च्या दशकात अमेरिकी लष्कराने गणवेशांसाठी परमेथ्रिन स्वीकारलं आणि २००३ पासून कारखान्यातच प्रक्रिया केलेले कपडे तिथल्या सामान्य माणसालाही मिळू लागले. नॉर्थ कॅरोलिनात उघड्यावर काम करणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्यांवर या गणवेशांची चाचणी झाली. पहिल्या वर्षी गोचिडींचे चावे ८२ टक्क्यांनी घटले, दुसऱ्या वर्षी ३४ टक्क्यांनी. म्हणजे गुण येतो, पण धुऊन-वापरून तो उतरतो. दर हंगामाला कपडे नव्याने करायला हवेत. मला या सगळ्या इतिहासात हीच माहिती सर्वांत कामाची वाटते.

आपल्याकडे या काळात आजार मात्र सह्याद्रीच्या कडेकडेने पसरत राहिला. २०१२ मध्ये बंदीपूर, मग केरळातलं वायनाड, २०१५ मध्ये गोव्यातली सत्तरी, २०१६ मध्ये दोडामार्ग, पुढच्या वर्षी बांदा परिसर. डीएमपीच्या जागी ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेने विकसित केलेलं ‘डेपा’ तेल आलं. लस होती, पण ती पुरेशी गुणकारी नसल्याने २०२२ मध्ये तिचा वापर थांबला. उरलं पुन्हा तेलच. ते वाईट नाही, लावायलाच हवं. पण भर उन्हात, घामाने निथळत बी वेचणाऱ्या बाईने दर काही तासांनी हात धुऊन पुन्हा तेल चोळावं, ही अपेक्षा तिच्या कामाचा दिवस न पाहता केलेली आहे. अंगावरचा सदरा मात्र दिवसभर अंगावर राहतो.

पण म्हणून कुणी घरच्या घरी शेतीचं कीटकनाशक कपड्यांवर फवारू नये. त्याने विषबाधा होईल. कपड्यांसाठीचं परमेथ्रिन ठरलेल्या प्रमाणात, कपडा अंगावर नसताना लावायचं असतं आणि पूर्ण वाळल्यावरच तो घालायचा असतो. ओलं असताना ते मांजराला जिवावर बेततं, आणि असे कपडे व्हाळात धुतले तर मासे मरतात. म्हणूनच हे काम सरकारी देखरेखीखाली व्हायला हवं.

हिवतापासाठी औषधी मच्छरदाण्या सरकार वाटतंच. तसेच औषधी सदरे, विजारी आणि मोजे डिसेंबरातच बागायतदारांच्या आणि मजुरांच्या घरी पोचवावेत. आपल्या गोचिडीवर, आपल्या उन्हात नि घामात ते किती धुण्यांपर्यंत टिकतात, हे पुण्याच्या संस्थेने प्रत्यक्ष काजूच्या बागेत तपासून जाहीर करावं. सिंधुदुर्गातल्या ग्रामपंचायतींनी येत्या ग्रामसभेत ही मागणी ठरावाने करावी.