दिंडी दरवाजातला पाद्री

चौथ्या धर्मयुद्धाचे नेते म्हणून मॉन्फेराचा बोनिफास, फ्लँडर्सचा बाल्डविन आणि व्हेनिसचा वृद्ध, दृष्टी गेलेला दोज, म्हणजे निर्वाचित राज्यप्रमुख, एन्रिको दांदोलो ही नावे सर्वपरिचित आहेत. जहाजांसाठी व्हेनिसशी झालेल्या 1201च्या करारातील 85,000 मार्कांपैकी (मार्क हे चांदीचे वजनी परिमाण) 34,000 मार्क थकले आणि त्या कर्जापायी मोहीम आधी झारा व शेवटी 1204मध्ये कॉन्स्टँटिनोपल या ख्रिस्ती शहरांवरच उलटली, हेही सर्वज्ञात आहे. ही कथा बहुधा शँपेनचा मार्शल व्हिलार्दुअँ याच्या बखरीच्या आधारे सांगितली जाते. परंतु तो करार ठरवणाऱ्या सहा दूतांपैकी तो स्वतः एक असल्याने त्याने सारा दोष व्हेनिसला न आलेल्यांच्या माथी मारला, आणि त्याची साक्ष त्या मर्यादेतच घेतली पाहिजे.

पिकार्डीतील लहानशा वतनाचा धनी रोबेर द क्लारी याने सांगून लिहवून घेतलेली बखर याहून निराळी आहे. तिची एकमेव हस्तलिखित प्रत कोपनहेगनच्या राजग्रंथालयात असून, तिच्या आरंभीच्या नामावळीत काउंट आणि बिशप यांच्यामागून गरीब सरदारांची नावे येतात, आणि त्यांतच रोबेरचा पाद्री भाऊ आल्योम याचेही नाव आहे.

12 एप्रिल 1204 रोजी आमियँचा पियेर दहा सरदार आणि साठ शिपाई घेऊन कॉन्स्टँटिनोपलच्या तटाखाली उतरला, तेव्हा तेथील दिंडी दरवाजा चिणून बंद केलेला होता. वरून दगड आणि उकळत्या डांबराची मडकी कोसळत असताना, डोक्यावर ढाली धरून या माणसांनी कुऱ्हाडी-पहारींनी भगदाड पाडले; पण पलीकडे एवढी गर्दी दिसली की आत शिरण्याचा धीर कोणालाच होईना. आल्योम पुढे सरसावला. रोबेरने मनाई केली, आणि भाऊ रांगत आत जाऊ लागताच त्याचा पाय धरून त्याला मागे ओढले. तरीही तो निसटून आत गेला आणि सुरा उगारून एकटाच धावून जाताच समोरचे ग्रीक पांगले. व्हिलार्दुअँच्या वर्णनात मात्र काही दरवाजे फुटल्याची नोंद तेवढी आहे, आल्योमचा उल्लेखही नाही.

या धाडसाने ज्या लुटीला वाट करून दिली ती निर्दय होती, आणि नगरातील ग्रीक इतिहासकार निकेटास कोनिआटेस याला कुटुंबासह परागंदा व्हावे लागले, हे आल्योमच्या शौर्याबरोबरच नोंदवणे भाग आहे. वाटणीत सरदाराला 20 मार्क, घोडेस्वार शिपाई व पाद्र्याला 10 आणि पायदळातील शिपायाला 5 असे प्रमाण ठरले; रोबेरची कडवट तक्रार अशी की बड्यांनी उत्तम वाडे आधीच बळकावले आणि गरिबांसाठी साधी चांदी तेवढी उरली. आल्योमने सरदाराचा वाटा मागताच एकाने हरकत घेतली, तेव्हा आपल्यापाशीही चिलखत आणि घोडा असून पराक्रमात आपण कोणाहून उणे नाही, असे त्याने बजावले. अखेर सँ-पोलच्या काउंटने आल्योमच्या बाजूने निवाडा दिला, आणि रोबेरच्या म्हणण्याप्रमाणे तेव्हापासून पाद्र्यांनाही सरदारांइतकाच वाटा मिळाला.