हाताला दोष देण्याआधी रंगाची डबी बघा

“आता तो हात राहिला नाही.” शाळा-कॉलेजच्या वयात प्लॅस्टिकच्या विमानांची मॉडेलं करणारा माणूस वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा किटकडे वळला, की पहिल्या विमानानंतर हे वाक्य ठरलेलं. त्याला जोडून पुढचं: डोळे गेले, बोटं थरथरतात, हे सगळं तरुणपणीच जमायचं. मग उरलेली किटं माळ्यावर जातात. वैताग येतो तो यासाठी, की हे वाक्य नम्र वाटतं आणि म्हणूनच ते कुणी तपासत नाही. तपासलं तर लक्षात येतं, की जे बिघडलं त्याचा बराचसा दोष हाताचा नव्हताच.

हाताने शिकलेलं किती टिकतं, यावर मानसशास्त्रात जुनं काम आहे. फ्लीशमन आणि पार्कर यांनी 1962 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना हलतं लक्ष्य हाताने सतत धरून ठेवण्याचं अवघड काम शिकवलं आणि काहींना दोन वर्षांपर्यंत सरावाविना ठेवलं. परत आल्यावर घट अगदी थोडी होती आणि तीही थोड्याशा सरावाने भरून निघाली. याउलट न्यूमन आणि ॲमन्स यांच्या 1957 च्या प्रयोगात कोणत्या बटणाची जोडी कोणत्या बटणाशी, हे शिकलेलं वर्षभरात जवळजवळ पुसलं गेलं. म्हणजे हाताची सफाई टिकते. आधी काय, मग काय आणि मध्ये किती थांबायचं, हा क्रम मात्र विसरतो. कुणी म्हणेल, दोन वर्षं कुठे आणि पंचवीस कुठे! आक्षेप रास्त आहे. पण स्मरणाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी पाठ केलेली बायरनच्या ‘डॉन जुआन’मधली कडवी 22 वर्षांनी पुन्हा पाठ केली, तेव्हा त्यांना अनोळखी कडव्यांपेक्षा कमी श्रम पडले. बचत थोडीच होती, पण ती निव्वळ पाठांतरातली होती, आणि पाठांतर सतत चालणाऱ्या हाताच्या कामापेक्षा लवकर विसरतं.

मग परतल्यावरचं पहिलं विमान वाईट का होतं? कारण हात जुना असतो आणि हातातलं सामान नवं. हम्ब्रोलच्या 14 मिलीच्या डबीतला एनॅमल रंग तासन्‌तास ओला राहतो, त्यामुळे ब्रशच्या रेघा आपोआप सपाट होतात आणि त्याच जागी पुन्हा ब्रश फिरवला तरी चालून जातं. त्यावर हात बसलेला माणूस आज तामियाचा ॲक्रिलिक रंग आणतो. तो मिनिटांत सुकू लागतो. अर्धवट सुकलेल्या जागी ब्रश पुन्हा फिरवला की खालचा थर उचकटतो, रेघा आणि ठिपके पडतात. हे रसायनाचं वागणं आहे, वय त्यात कुठेच येत नाही. रंग पातळ करून किंवा त्यात सुकणं लांबवणारा रिटार्डर घालून एकाच दिशेने ओढा, पुन्हा हात लावू नका, पूर्ण सुकल्यावरच दुसरा थर द्या. ब्रशनेच काम करायचं असेल तर वाल्येहोसारखे पाण्याचे रंग जास्त सोसतात.

गोंदाचंही तेच. ट्यूबमधलं घट्ट सिमेंट भागाला लावून मग भाग जोडायचे, ही जुनी सवय. आजचं पातळ सिमेंट तसं लावलं, तर भाग जोडेपर्यंत त्यातलं बरंचसं उडून जातं. आधी दोन्ही भाग घट्ट धरायचे आणि मग सांध्याला ब्रशचं टोक टेकवायचं. केशाकर्षणाने ते सांध्यात स्वतःच पसरतं आणि प्लॅस्टिक विरघळवून सांधतं. मात्र बोट सांध्यावर असेल तर ते बोटाखालीही शिरतं आणि विमानावर ठसा उमटतो. हा ठसा बघून कुणी “हात थरथरला” म्हणत असेल, तर त्याला काय म्हणावं! डिकलखाली (पाण्यात भिजवून चिकटवायच्या चिन्हांखाली) चंदेरी चकाकी येते, तीही हवा अडकल्यामुळे. खडबडीत मॅट रंगावर डिकल नीट बसत नाही. आधी ग्लॉस वार्निश, मग डिकल, शेवटी मॅट, हा क्रम विसरलेला असतो.

आता डोळे. चाळिशी लागते हे खरं आहे, त्यात वाद नाही. डोळ्यातलं भिंग ताठर होतं आणि जवळचं धूसर दिसतं. पण हा बिघाड साध्या चष्म्याने भरून निघतो. वर डोक्याला लावायचं भिंग घ्या, फक्त फार शक्तीचं नको: जितकं मोठं दिसेल, तितकं काम नाकाशी आणावं लागतं आणि नजरेच्या टप्प्यातली जागा कमी होते. थोडी थरथर प्रत्येकाच्या हाताला असते. कॉफी आणि थकव्याने ती वाढते. मनगटं टेबलावर आणि दोन्ही हात एकमेकांना टेकवलेले असले, की टोक स्थिर राहतं. नव्याने सुरू झालेली किंवा वाढत जाणारी थरथर मात्र डॉक्टरांनाच दाखवावी. “मग मोठ्या स्केलचं घेऊ,” असाही उपाय निघतो. 11.23 मीटर पंखांचं स्पिटफायर 1/72 मध्ये 15.6 सेंटिमीटरचं होतं, 1/48 मध्ये 23.4. पकडायला सोपं, पण मोठ्या किटमध्ये बारीक भागही बहुधा जास्त येतात. म्हणून आकारापेक्षा भागांची संख्या बघून किट निवडा.

बाकीचे गैरसमज एकेका ओळीत.

एअरब्रशशिवाय चांगलं मॉडेल होत नाही: होतं, एअरब्रशने मोठे पृष्ठभाग सोपे होतात, इतकंच.

माळ्यावरचं किट वाया गेलं: प्लॅस्टिक सहसा ठीक असतं, पिवळे पडलेले डिकल काही दिवस खिडकीच्या काचेला चिकटवून उन्हात ठेवले तर बरेच उजळतात. रबरासारखे टायर मात्र तपासा, त्यांनी शेजारचं प्लॅस्टिक विरघळवलेलं असू शकतं.

नवं खोकं म्हणजे नवं किट: एअरफिक्ससारख्या कंपन्या दशकांपूर्वीचे साचे नव्या चित्रासह पुन्हा विकतात.

खोल पॅनल रेघा (पत्र्यांचे सांधे) म्हणजे अचूकता: 1/72 मधली 0.1 मिमीची रेघ खऱ्या विमानावर 7 मिमीची फट होते.

ॲक्रिलिक फवारताना मास्क नको: मास्क हवाच, रंगाचे कण फुप्फुसात जातातच, आणि तामियाच्या रंगात अल्कोहोलवर्गीय द्रावकही असतात.

पावसाळ्यात लॅकर पांढरट पडला म्हणजे स्प्रे खराब: द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार होतो आणि दमट हवेतली वाफ तिथे पाणी होऊन बसते. मुंबईत किंवा कोकणात जुलैत लॅकर मारायचाच असेल, तर कोरडा दिवस गाठा.

तेव्हा परतणाऱ्याने एक इंजिन, दोन रंग आणि थोडे भाग असलेलं स्वस्त किट घ्यावं. रंग आणि गोंद आधी स्प्रूच्या (किटचे भाग जोडून येतात त्या प्लॅस्टिकच्या चौकटीच्या) उरलेल्या तुकड्यावर तपासावेत. आणि कोणत्या कामानंतर किती वेळ थांबलो, हे वहीत लिहावं, कारण विसरतो तो क्रमच. असं करून तिसरं विमानही फसलं, तर हाताला खुशाल दोष द्या. पहिल्यावर निकाल देऊ नका. ती परीक्षा तुमची नसते, नव्या रंगाची आणि गोंदाची असते.