शिक्षण खातं नेमकं कुणाचं?

दहावीच्या परीक्षेत काही घोळ झाला की दिल्लीतल्या शिक्षणमंत्र्यांना जाब विचारणारे हमखास भेटतात. खरं तर महाराष्ट्रातली दहावी-बारावी घेतं पुण्याचं राज्य मंडळ, आणि ते राज्य सरकारचं. केंद्राच्या अखत्यारीत येते ती सीबीएसई.

मग शिक्षण हा फक्त राज्याचा विषय का? पूर्वी बहुतांशी होता. 1950च्या राज्यघटनेत तो राज्यसूचीत होता. 1976 साली, आणीबाणीत, 42व्या घटनादुरुस्तीने तो समवर्ती सूचीत गेला. म्हणजे दोघांनाही कायदे करता येतात, आणि खटका उडाला तर सहसा केंद्राचा कायदा वरचढ ठरतो. उच्च शिक्षणाचा दर्जा ठरवणं मात्र आधीपासूनच केंद्राकडे आहे.

इथे ‘कायदा’ या शब्दावर जोर द्यायला हवा. 2020चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण हा कायदा नव्हे. शिक्षणहक्क कायदा (2009) हा कायदा. धोरण तीन भाषा सुचवतं, पण कुठलीही भाषा राज्यावर लादली जाणार नाही असंही त्यातच म्हटलंय. 2025मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी शिकवण्यावरून रान उठलं, तेव्हा निम्मा राग दिल्लीवर निघाला. शासन निर्णय मात्र मुंबईत निघाले होते, आणि जूनअखेर रद्दही मुंबईतच झाले.

आणखी एक समज असा की, केंद्राचं एवढं मोठं शिक्षण मंत्रालय म्हणजे संसदेने कायदा करून उभारलेलं असणार. तसं नाही. घटनेच्या 77व्या कलमाखाली 1961मध्ये कार्यविभाजनाचे नियम झाले. कुठलं काम कोणत्या खात्याकडे, हे त्यांवरून ठरतं. म्हणून तर 1985मध्ये शिक्षण आणि संस्कृती ‘मनुष्यबळ विकास’ या बोजड नावाखाली एकत्र नांदू शकली, पुढे संस्कृतीने वेगळी चूल मांडली आणि 2020मध्ये शिक्षणाला जुनं नावही परत मिळालं.

संस्कृती मंत्रालयाबद्दलचा गोंधळ आपल्याकडे गडांवर दिसतो. सगळे किल्ले ‘पुरातत्त्ववाल्यांचे’, एवढंच आपल्याला ठाऊक. पण पुरातत्त्व खाती दोन आहेत. 2025मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी रायगड, शिवनेरी, पन्हाळा यांसह आठ किल्ले केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. हे सर्वेक्षण संस्कृती मंत्रालयाखाली येतं. राजगड, प्रतापगड, साल्हेर आणि खांदेरी राज्याच्या संचालनालयाकडे. तेव्हा राजगडाचा चिरा ढासळला, तर तक्रार दिल्लीला धाडू नका. फिरून ती मुंबईलाच यायची.