हवा मारली की धूळ जाते कुठे?

संध्याकाळी पाळी सुटायच्या वेळी वसई पूर्वेच्या गाळ्यांतून काँप्रेसरचा फुसफुसाट ऐकू येतो. मशीनवर 'हवा मारली' की मशीन लख्ख होतं, धूळ मात्र गाळ्यातच राहते. पंख्याच्या पात्यावर तिचा थर साचतो, काळपट, बोटाला चिकटणारा. वालीव असो, सातिवली असो की गोखिवरे, ज्या गाळ्यात जुन्या टीव्हीची कव्हरं दळली जातात किंवा जुना फोम कापला जातो, तिथल्या या धुळीत आगरोधक रसायनं असू शकतात.

आगीची धास्ती आपल्याला कुणी शिकवायला नको. २३ एप्रिल २०२१ ला विरारच्या रुग्णालयात अतिदक्षता विभाग जळाला, ते आपण विसरलेलो नाही. ही रसायनं आग रोखायलाच घालतात. प्लास्टिक तापलं की त्यांतल्या ब्रोमीनयुक्त रसायनांतून ब्रोमीन सुटतो आणि ज्वाला पुढे नेणाऱ्या क्रियाशील कणांना गाठून थंड करतो. पण त्यांतली बरीचशी रसायनं प्लास्टिकच्या रेणूंना जोडलेली नसतात, पिठात मीठ कालवावं तशी नुसती मिसळलेली असतात. म्हणून ती वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर पडतात. उष्णतेने हा वेग वाढतो, आणि ग्राइंडरमध्ये तर प्लास्टिकचाच भुगा हवेत उडतो.

शरीरात गेल्यावर यांतली काही चरबीत साठतात. यांतल्याच पीबीडीई या ब्रोमीनयुक्त गटाची ठेवण थायरॉइडच्या संप्रेरकासारखी असते, त्यामुळे त्या संप्रेरकाच्या कामात अडथळा येतो. गर्भातल्या बाळाच्या मेंदूची वाढ याच संप्रेरकावर अवलंबून असते. म्हणूनच गाळ्यात काम करणाऱ्या गरोदर बाईची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते.

स्वीडनमधल्या १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इलेक्ट्रॉनिक वस्तू सुट्या करणाऱ्या कामगारांचं रक्त तपासलं गेलं. पीबीडीईच्या एका प्रकाराचं प्रमाण रुग्णालयातल्या सफाई कामगारांच्या सुमारे ७० पट निघालं. उन्हाळी सुट्टीनंतर ते घटलं, म्हणजे ते कामाच्या जागेतूनच येत होतं.

स्टॉकहोम या आंतरराष्ट्रीय कराराने २००९ पासून या आगरोधक रसायनांतल्या काहींवर बंदी आणली, भारतानेही २०१८ च्या नियमांत काहींवर घातली. पण बंदीआधी बनलेलं कव्हर आज भंगारात येतं, दळलं जातं, त्याचा दाणा होतो आणि तो पुन्हा मोल्डिंगला जातो. बंदी कागदावर लागू झाली तरी माल फिरतच राहतो.

धूळ नाकातून जाते, तशी हातावाटे तोंडातही जाते. बोस्टनच्या कार्यालयांतल्या २०११ च्या अभ्यासात, दिवसातून चारपेक्षा कमी वेळा हात धुणाऱ्यांच्या हातांवर एका प्रकारचं पीबीडीई सुमारे तिप्पट सापडलं होतं. आपल्याकडे डबा तर मशीनशेजारीच उघडतो. गाळामालकांनो, आधी एक बेसिन आणि साबण द्या. ग्राइंडरच्या तोंडाशी धूळ ओढणारा एक्झॉस्ट बसवा. कोरडा झाडू आणि हवा मारणं थांबवून ओलं फडकं वापरा. तोंडाला रुमाल बांधून बारीक धूळ अडत नाही, त्यासाठी एन-९५ मास्क लागतो. आणि कामाचा शर्ट गाळ्यातच बदलता येईल अशी एक खुंटी ठोका, कारण त्या शर्टावरची धूळ घरी पोचते आणि घरात रांगणारं मूल जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं.